आठव्या दिवसाची जबाबदारी कोणाची?

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५मध्ये कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. अपघातापासून सात दिवस, जास्तीत जास्त दीड लाख रुपये. त्यावरची चर्चा आपल्याकडच्या आरोग्यविषयक वादांच्या ठरलेल्या चाकोरीतूनच गेली. एक बाजू म्हणते, दीड लाखात न्यूरो आयसीयूचं बिल कसं भागणार, सरकारने खासगी रुग्णालयांचे दरच बांधून द्यावेत. दुसरी म्हणते, आधीच्या योजनांचे पैसे निघायला महिनोन् महिने लागतात, तेव्हा सरकारने आरोग्यसेवेत आणखी लुडबुड करू नये. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघेही सातव्या दिवशी थांबतात. डोक्याला मार लागून वाचलेल्या माणसाची आणि त्याच्या घरच्यांची खरी परवड आठव्या दिवसानंतर सुरू होते. तिथे ना योजना आहे, ना दरपत्रक, ना आत डोकावून बघणारं कोणी.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. मेंदूला इजा झालेल्या माणसांना सांभाळणाऱ्या सगळ्या सेवांवर सरकारची देखरेख हवी. त्यात पुनर्वसन केंद्रं आली, महिनोन् महिने रुग्ण ठेवून घेणारी शुश्रूषागृहं आली आणि घरी माणूस पाठवणारे ब्युरोही आले. मात्र देखरेख म्हणून आज जे चालतं, तेच इथे आणून उपयोग नाही. आज सरकार परवाना देताना इमारत बघतं आणि त्यानंतरचं सगळं रुग्णाच्या तक्रारीवर सोडून देतं. ज्याला तक्रारच करता येत नाही, त्याला ही व्यवस्था असली काय आणि नसली काय, सारखीच.

हा माणूस कोण, हे आधी पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं दगावली, ४,४३,३६६ जखमी झाली. हेल्मेट न घातल्याने ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले गेले. मेलेल्यांचा हिशोब तरी आपण नीट ठेवतो. पण जखमींपैकी किती जणांच्या मेंदूला मार बसला आणि वर्षभराने ते कुठे, कोणाच्या ताब्यात, कोणत्या अवस्थेत होते, हे त्या अहवालातून कळत नाही. कोणी गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी, नाकात अन्न भरवायची राइल्स ट्यूब आणि लघवीसाठी कॅथेटर घेऊन घरी येतो. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर त्याच्या पाठीला बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होतात. कोणी चालतो, बोलतो, जेवतो, दिसायला ठणठणीत असतो, पण मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली असते. तो गॅस चालू ठेवून विसरतो, फोनवर कोणीही मागितलेला ओटीपी सांगून टाकतो, बायकोवर हात उगारतो आणि तासाभराने त्याला त्यातलं काही आठवत नाही. पहिल्याची निदान शेजाऱ्यांना दया येते. दुसऱ्याला ‘अपघातानंतर बिघडला’ म्हणून नावं ठेवतात.

या माणसासाठी कायदा नाही असं म्हणता येणार नाही, उलट कायदे तीन-तीन आहेत. महाराष्ट्राने केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारला नाही. आपल्याकडे १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदाच चालतो. त्याची व्याख्या ऐसपैस आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा म्हणजे नर्सिंग होम. दुसरा २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. दिव्यांगांसाठीची कोणतीही संस्था नोंदणीशिवाय चालवता येणार नाही, असं त्याचं ५०वं कलम सांगतं. तिसरा २०१७चा मानसिक आरोग्य कायदा, तिघांत सर्वांत कडक. आता समजा, शहराबाहेरच्या एका बंगल्यात कोणी मेंदूला मार लागलेली पंधरा माणसं सांभाळतंय. नर्सिंग होमवाल्या खात्याला तो सांगणार, ‘इथे उपचार होत नाहीत, नुसती देखभाल होते.’ दिव्यांग खात्याला सांगणार, ‘हे रुग्ण आहेत, बरे होतायत, यांच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कुठे आहे?’ आणि मानसिक आरोग्यवाल्यांना सांगणार, ‘यांना मनोविकार नाही, अपघात झालाय.’ तिन्ही उत्तरं ऐकायला खरी वाटतात. २०१६च्या कायद्याच्या यादीत एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व आहे. त्यात पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, मेंदूच्या इजेने वाचा गेली तर त्यालाही जागा आहे. पण ‘अपघाताने झालेली मेंदूची इजा’ अशी नोंद नावानिशी नाही. त्यामुळे एकाच माणसाचे हात, वाचा आणि वागणूक तीन निरनिराळ्या कप्प्यांत जातात आणि अख्खा माणूस कोणाच्याच कप्प्यात बसत नाही.

आणि समजा, त्या बंगल्यावर नर्सिंग होमचा परवाना लागलाच. मग पुढे काय? २०२१मध्ये राज्याने या कायद्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची, दरांचा तक्ता लावायचा, तक्रारीसाठी टोल-फ्री क्रमांक ठेवायचा. या सुधारणेसाठी अनेक कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडले आणि बिलांच्या बाबतीत तिचा उपयोगही आहे. पण ज्याच्या गळ्यात नळी आहे, तो टोल-फ्री क्रमांकावर काय बोलणार? ज्याला सकाळची मारहाण दुपारी आठवत नाही, तो तीस दिवसांत निवारण होणारी तक्रार दाखल कशी करणार? ग्राहक न्यायालय, मेडिकल कौन्सिल, पोलीस ठाणं, कुठेही जा. शुद्धीवर असलेला, वाचता-लिहिता येणारा, आपल्यावर काय अन्याय झाला हे क्रमवार सांगू शकणारा माणूस समोर येईल, असंच सगळीकडे गृहीत धरलेलं आहे. इथे दुखापतीने माणसाची नेमकी तीच क्षमता हिरावून नेलेली असते.

‘नातेवाईक तक्रार करतील की’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. एखाद-दुसरा करतोही. पण नातेवाइकाच्या जागी उभं राहून पाहा. पुण्या-मुंबईत असं केंद्र शोधायला त्याला दोन महिने लागलेत, लातूरहून किंवा चंद्रपूरहून आठवड्याला यायचं त्याला परवडत नाही, घरी कमावणारं कोणी नाही. भेटीच्या वेळी दिसलेल्या मनगटावरच्या वळांबद्दल त्याने जाब विचारला आणि ‘मग घेऊन जा तुमचा पेशंट’ असं उत्तर आलं, तर तो पेशंटला नेणार कुठे? पर्याय नसलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. म्हणून तो गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण समाधान समजतो.

मनगटावरच्या वळांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. मेंदूला मार लागलेला माणूस शुद्धीवर येताना बेभान होतो, नळ्या ओढतो, उठून पळू पाहतो. अशा वेळी हात पलंगाला बांधावे लागतात, हे कोणीही प्रामाणिक नर्स सांगेल. प्रश्न बांधण्याचा नाही. कोणी सांगितलं, किती वेळ बांधलं, कधी सोडलं आणि हे कुठे लिहिलं, हा आहे. मानसिक आरोग्य कायद्यात याची उत्तरं आहेत. साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. बांधायचं ते तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण आणि कालावधी नोंदवून. आणि अशा सगळ्या प्रसंगांचा अहवाल दरमहा पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा. आता मला कोणी समजावून सांगावं, स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचे हात बांधले तर मंडळाला कळवायचं आणि ट्रकने उडवलेल्या माणसाचे तसेच हात तसेच बांधले तर डॉक्टरच्या मर्जीवर सोडायचं, यात तर्क कोणता? दोघांच्याही मनगटाला दोरी सारखीच काचते.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा इन्स्पेक्टर राजचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. लहान रुग्णालय चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. अग्निशमनाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार, दर तीन वर्षांनी नूतनीकरण आणि प्रत्येक टेबलावर थांबलेली फाइल. शिवाय सरकारची स्वतःची पाटी कुठे कोरी आहे? ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागून दहा बालकं गेली. ते खासगी नव्हतं, कुठल्या बंगल्यात लपवून चाललेलं नव्हतं, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारच्याच मालकीचं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या सिव्हिल हॉस्पिटलचा अतिदक्षता विभाग पेटला. ज्याला आपल्या दवाखान्यातली वायरिंग सांभाळता येत नाही त्याने दुसऱ्याची तपासावी, याला काय अर्थ, असं कोणी विचारलं तर त्याला गप्प करण्याची माझी इच्छा नाही.

पण या युक्तिवादातून निष्कर्ष काय निघतो ते नीट पाहावं. सरकारी तपासणी निकामी आहे याचा अर्थ ती चुकीची गोष्ट तपासते. तपासणीच नको, असा अर्थ त्यातून निघत नाही. खोलीचं क्षेत्रफळ, खाटांमधलं अंतर, भिंतीवरची प्रमाणपत्रं ही तपासायला सोपी आणि लाच घ्यायलाही सोपी, कारण खोली अडीच फूट कमी भरली तर ती वाढवता येत नाही, मिटवता मात्र येते. उलट गेल्या महिन्यात किती रुग्णांना नवे बेडसोर झाले, किती जणांचं वजन घटलं, किती जणांना बांधलं, किती जणांना अचानक दुसरीकडे हलवलं, किती दगावले, हे विचारणारी तपासणी वेगळ्या जातीची असते. पाठीवरची जखम दाखल्याने झाकत नाही. चांगलं केंद्र हे आकडे आजही ठेवतंच. त्याला नवा बोजा नाही. बोजा पडेल तो न ठेवणाऱ्यावर.

‘नियम आणाल तर धंदा बसेल’ ही भीतीही नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांना १८८१मध्ये पहिला फॅक्टरी कायदा लागू झाला. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजारांच्या सह्यांनिशी आठवड्याच्या सुट्टीची, दुपारच्या विश्रांतीची, इजा झालेल्या कामगाराला पगार देण्याची मागणी केली. तेव्हा गिरणीमालक काय म्हणत होते? हा मँचेस्टरचा कावा आहे, हिंदी उद्योग मारण्यासाठी कामगारांच्या कळवळ्याचं सोंग आणलंय. त्यात अर्धं सत्य होतंही. मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होती. राष्ट्रवादी मंडळींपैकी अनेकांनी मालकांची री ओढली. १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, १८९१मध्ये कायदा सुधारला, आणि गिरण्या बसल्या का? पुढची कित्येक वर्षं त्या वाढतच गेल्या. हेतू शंकास्पद असलेल्या सरकारने केलेला नियमही योग्य असू शकतो, हे तेव्हा लोखंड्यांना कळलं होतं. आज आपल्याला ते पुन्हा का शिकावं लागतंय, कोण जाणे.

दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा आहे: मुळात केंद्रं आहेतच किती? हाजीअलीला १९५५पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. बंगळुरूला मेंदू आणि मनोविकारांसाठीची निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्या शहरांत गेल्या काही वर्षांत खासगी केंद्रं निघाली आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा एक फिजिओ, तोही सगळ्यांसाठी. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट तर शोधून सापडत नाहीत. अशा दुष्काळात जे कोणी चार रुग्ण सांभाळतंय, त्याच्या मागे नियमांचा ससेमिरा लावायचा? तो दार बंद करेल आणि रुग्ण पुन्हा घरच्या खाटेवर येईल.

ही भीती खरी ठरलेली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आत मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पंचवीसहून अधिक जण बांधलेल्या जागीच होरपळून गेले. तेव्हाही १९८७चा मानसिक आरोग्य कायदा होता, परवान्याची अट होती. एरवाडीत कोणी ती विचारायला गेलं नव्हतं. आगीनंतर मात्र सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, प्रशासन खडबडून जागं झालं, तिथले तसले आश्रम बंद झाले आणि शेकडो रुग्णांची रवानगी घरी किंवा सरकारी देखरेखीखाली झाली. घरच्यांनी ज्यांना तिथे आणून सोडलं होतं, त्यांना घरी पाठवलं म्हणजे नक्की काय केलं, याचा फारसा विचार त्या धांदलीत झाला नाही.

म्हणून दुष्काळाचा मुद्दा मी मान्य करतो, पण त्यातून उलटा धडा घेतो. आधी कोणी पाहिलं नाही म्हणून आग लागेपर्यंत गेलं, आणि आग लागल्यावर एकच हत्यार हाती उरलं, टाळं. रोजची, साधी, कंटाळवाणी देखरेख असती तर सुधारायला वेळ मिळाला असता. दुष्काळात शिधावाटपावर लक्ष जास्त ठेवावं लागतं, कमी नाही. आणि पुरवठा वाढण्याचाही देखरेखीशी थेट संबंध आहे. विमा कंपन्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेचे पैसे देतात, पण त्यानंतरच्या सहा महिन्यांच्या पुनर्वसनाला हात आखडता घेतात. कारण विचारलं तर म्हणतात, त्या सेवेला मानक नाही, काय दिलं हे मोजता येत नाही. मानक नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून केंद्र नाही, केंद्र नाही म्हणून मानक नको. ही साखळी मधेच कुठेतरी सरकारनेच तोडायची असते.

पैसा आला आणि डोळे मिटलेले असले तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात विम्याच्या पैशावर मेंदूच्या इजेच्या पुनर्वसनाचा मोठा धंदा उभा राहिला. पहिल्यांदाच असे रुग्ण मोठ्या संख्येने वाचू लागले होते, कुटुंबं हवालदिल होती, आणि केंद्रांचे प्रतिनिधी आशा विकत होते. १९९२पर्यंत गोष्ट तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे गेली. फुगवलेली बिलं, प्रशिक्षण नसलेली माणसं, विमा संपेपर्यंत रुग्णाला डांबून ठेवणं आणि विमा संपला की घरी पाठवणं, असे आरोप झाले. आपल्याकडे पुनर्वसनात खासगी भांडवल आत्ता कुठे येऊ लागलं आहे. ते यावंच. पण आरोपांच्या सुनावणीपर्यंत थांबण्यापेक्षा नोंदवह्यांची सक्ती आधी आलेली बरी.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. ‘आपल्याकडे घरचीच माणसं करतात. मायेला नियम कसले लावता?’ हा मुद्दा मांडताना अनेकदा केईएमच्या परिचारिकांचं नाव घेतलं जातं. हल्ल्यात मेंदूला इजा झालेल्या तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या नोव्हेंबरपासून मे २०१५मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या रुग्णालयात होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झाला नाही, याची देशाने नोंद घेतली. त्या परिचारिकांपुढे हात जोडावेत तेवढे थोडे. पण त्यांची माया हवेत तरंगत नव्हती. ते महापालिकेचं रुग्णालय होतं. तिथे पाळ्या होत्या, पाळी संपताना दुसरीला सांगून जाण्याची रीत होती, पगार होता, मेट्रन होती, संघटना होती. त्यांना तिथून हलवण्याचा घाट घातला गेला तेव्हा परिचारिकांनी एकजुटीने विरोध केला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणारं कोणीतरी आत कायम हजर होतं. व्यवस्थेशिवायच्या मायेचं हे उदाहरण नाहीच. आणि त्या प्रकरणात देशभर वाद कशावर झाला? त्यांनी मरावं की नाही यावर. दयामरणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा निकाल, २०१८चा निकाल, जिवंतपणीच्या इच्छापत्राची पद्धत, ते जपून ठेवायला स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नेमलेले अधिकारी. हे सगळं आवश्यक होतं. पण अशा अवस्थेत माणूस चाळीस वर्षं जगला तर त्याची पाठ रोज कोण बघणार, यासाठी एकही अधिकारी नेमावा असं त्या सगळ्या गदारोळात कोणाला सुचलं नाही.

आता घराचं. बहुतेक रुग्ण घरीच असतात हे खरं, आणि घरात इन्स्पेक्टर नको हेही खरं. पण सरकार घरात कधी जातच नाही का? जातं की. नवजात बाळाला तक्रार करता येत नाही, म्हणून आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरावीक दिवशी घरी जाते, वजन करते, ताप बघते, तक्त्यात लिहिते. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतून, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून पुढे आली आणि देशाने उचलली. कुठल्या आईने याला इन्स्पेक्टर राज म्हटलं? केरळने २००८मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजाऱ्यांचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण केलं आणि ग्रामपंचायतींमार्फत नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. त्या नर्सच्या पिशवीत कॅथेटर असतं, जखमेवरचं ड्रेसिंग असतं, आणि तिच्या नजरेला जे पडतं तीच देखरेख. मदत घेऊन जाणाऱ्याला दार उघडं असतं. मेंदूला इजा झालेल्या माणसाला रुग्णालयातून सोडताना जिल्हा आरोग्य यंत्रणेला कळवणं सक्तीचं केलं, तरी निम्मं काम होईल. निदान तो कुठे गेला एवढं तरी कळेल.

घराच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे ब्युरो. बारा तासांचा माणूस, चोवीस तासांची मावशी. त्यातली कित्येक माणसं देवमाणसं असतात, हे ज्यांनी अनुभवलं आहे ते जाणतात. पण राइल्स ट्यूबमधून भरवण्याआधी नळी जागेवर आहे का, हे कसं तपासायचं ते त्यांना कोणी शिकवलं? चुकीच्या जागी गेलेलं पातळ अन्न फुप्फुसात उतरतं आणि मग न्यूमोनिया होतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टला राज्य परिषदेकडे नोंदणी लागते, नर्सला लागते, वाचा-उपचारतज्ज्ञाला पुनर्वसन परिषदेची लागते. दिवसाचे बारा तास प्रत्यक्ष रुग्णापाशी असणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही, आणि त्याच्या पगारातून कमिशन कापणाऱ्या ब्युरोलाही नाही. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोक्याला इजा झालेल्या एका मुलीच्या खटल्यात भरपाई वाढवून बासष्ट लाखांवर नेली. अपघात झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च तिच्या साऱ्या आयुष्याचा धरून हिशोब केला. निकाल उत्तम होता. अपघात २००७चा होता एवढंच. न्यायालय सांभाळणाऱ्याचा पगार आयुष्यभरासाठी मोजतं, पण तो माणूस सांभाळतोय की नाही हे बघणारं कोणी नाही.

मग बघायचं कोणी? इथे मी ज्या कायद्याची बाजू घेणार आहे त्याचं नाव ऐकून भुवया उंचावतील: १९१२चा इंडियन लूनसी ॲक्ट. कायदा वसाहतवादी होता, माणसांना कोंडून ठेवण्यासाठीच होता, आणि तो गेला ते बरंच झालं. पण त्यात एक तरतूद होती. प्रत्येक वेड्यांच्या इस्पितळासाठी सरकारने किमान तीन अभ्यागत नेमायचे, त्यात एक तरी वैद्यकीय अधिकारी, आणि त्यांच्यापैकी दोघांनी महिन्यातून एकदा तरी मिळून संस्थेचा प्रत्येक भाग पाहायचा. आत डांबलेला माणूस बोलू शकणार नाही, म्हणून बाहेरच्याने आत गेलं पाहिजे, एवढं त्या परक्या सरकारलाही कळलं होतं. २०११मध्ये पनवेलजवळच्या गतिमंद मुलींच्या आश्रमातले अत्याचार उघडकीला आले, तेही बाहेरची माणसं आत जाऊन मुलींशी बोलल्यावरच. त्या मुलींनी कुठल्या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला नव्हता.

तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात अशी अभ्यागत समिती असावी. तीत निवृत्त परिचारिका असावी, फिजिओ असावा, आणि ज्याच्या घरात असा रुग्ण आहे किंवा होता असा एक तरी माणूस असावा; कुठली चादर उचलून बघायची हे त्यालाच नेमकं माहीत असतं. समितीने न सांगता जावं, रात्रीही जावं, कारण दोन माणसांत चाळीस रुग्ण हे चित्र रात्रीच दिसतं. तिला टाळं ठोकायचा अधिकार नको. तिने पाहिलेलं लिहावं आणि ते पानभर निरीक्षण संस्थेच्या नावानिशी जाहीर व्हावं. लाच द्यायची तर ती परवाना रोखू शकणाऱ्याला देतात. ज्याच्या हातात फक्त डोळे आणि पेन आहे, आणि जो दर खेपेला बदलतो, त्याला विकत घेणं कठीण. चांगल्या संस्थांना याचा फायदाच होईल. आज नातेवाइकाला चांगलं आणि वाईट केंद्र वेगळं ओळखायला रिसेप्शनवरच्या सोफ्याखेरीज साधन नाही.

पालकत्वाचा गुंताही याच्याशी जोडलेला आहे. कोमातल्या नवऱ्याच्या बँक खात्यातून त्याच्याच उपचारासाठी पैसे काढायला बायकोला उच्च न्यायालयात जावं लागतं. २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात पत्नीला पालक नेमलं, कारण थेट लागू होणारा कायदाच नव्हता. १९९९चा नॅशनल ट्रस्ट कायदा जिल्हा पातळीवरच्या समितीतून पालक नेमतो, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरताच. उच्च न्यायालयापर्यंत किती बायका पोहोचत असतील? बाकीच्या एटीएम कार्ड आणि पिनवर भागवतात, किंवा दीर खातं सांभाळतो. तेव्हा पैशावरही नजर हवीच, केवळ संस्थेवर नको.

यातल्या कितीतरी गोष्टींना विधिमंडळात नवा कायदा आणायचीही गरज नाही. १९४९च्या व्याख्येत दुर्बल माणसं आहेतच. दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रं त्यात येतात असा खुलासा आणि बांधण्याच्या, बेडसोरच्या, वजनाच्या, स्थलांतराच्या नोंदवह्यांची सक्ती आरोग्य विभाग नियमांतून करू शकतो, जसे त्याने २०२१मध्ये दरपत्रकाचे नियम केले. दिव्यांग कायद्याखालची नोंदणी या केंद्रांना लावण्यासाठीही खात्याचं एक परिपत्रक पुरे आहे. ब्युरोंसाठी आणि पालकत्वासाठी मात्र कायदा लागेल, तिथे वेळ जाईल, वैद्यकीय संघटना आणि ब्युरोवाले दोघेही विरोध करतील, आणि त्यांचे काही आक्षेप ऐकावेही लागतील. दीड लाखाचे दोन लाख करावेत की नाही, हा वाद त्या दरम्यान चालू राहायला माझी हरकत नाही. सुरुवात नोंदवहीपासून करावी. ती छापायला फारसे पैसे लागत नाहीत.